नकाशांवरील ग्रामनामे
सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ साली झाली. इंग्रजी अमदानीतील नकाशांवर आपली ग्रामनामे रोमन लिपीतून रूढ झाली. खडकीचे ‘किर्की’ झाले ते त्याच परंपरेत. २००४ साली इंग्लंडात आरंभ झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पात मात्र एका स्थळाची नावे अनेक भाषांत नोंदविता येतात. त्या सामग्रीतून हवा तो प्रदेश निवडून कोणासही आपला नकाशा छापता येतो. परंतु मराठी नाव नोंदविलेलेच नसेल, तर ते रोमन रूपावरून कल्पावे लागते. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव यांचे रोमन लेखन एकच. ल-ळ हा भेद तेथे लोपतो. तेव्हा ग्रामनामांचे स्थानिक उच्चार नोंदविणे हे भाषाभ्यासकांचेच कार्य होय. एरवी साधन नवे येईल, प्रमाद जुनाच राहील.