फिगारोचा उत्तरार्ध आणि त्याचे प्रेक्षक

प्रणयप्रधान विनोदी नाटकाचा पडदा बहुधा विवाहाच्या मुहूर्तावर पडतो, आणि तो तेथेंच पडावा अशी प्रेक्षकाचीहि इच्छा असते. विघ्न आणणारा म्हातारा फजीत झाला, चतुर सेवकाला बक्षीस मिळालें आणि नायिकेचा हात नायकाच्या हातीं गेला, कीं आपण समाधानानें घरीं परततों. पुढें त्या जोडप्याचें काय झालें हा प्रश्न विचारावयाचा नसतो. विचारला तर उत्तर सुखाचेंच येईल असा भरंवसा नाहीं. म्हणून अशा नाटकाचा उत्तरार्ध लिहिणारा नाटककार मोठें धाडस करीत असतो. नव्या नाटकाचा प्रेक्षक कोरी पाटी घेऊन येतो. उत्तरार्धाचा प्रेक्षक मात्र जुन्या ओळखी आणि जुना लोभ बरोबर घेऊन येतो. त्याचें मत केवळ समोरच्या प्रयोगावरचें नसतें. पूर्वीं आपण कोणाच्या बाजूनें हंसलों होतों, याचीहि झडती त्यांत असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें अशी एक झडती झाली, आणि तिच्यांत राजापासून दाराशीं ताटकळणाऱ्या सामान्य नागरिकापर्यंत सर्वांना आपलें मत द्यावें लागलें.

या प्रकरणाचा नायक म्हणजे बोमार्शे हा नाटककार. १७३२ सालीं पॅरिसमधील एका घड्याळजीच्या घरीं त्याचा जन्म झाला. तरुणपणीं त्यानें घड्याळाच्या यंत्रांत एक सुधारणा केली आणि राजाच्या घड्याळजीनें ती आपली म्हणून मिरविली; तेव्हां या पोरानें थेट विज्ञान अकादमीपुढें फिर्याद नेली व १७५४ सालीं निकाल आपल्या बाजूनें मिळविला. पुढें राजकन्यांना हार्प नांवाचें तंतुवाद्य शिकविणें, व्यापार, कोर्टकज्जे, अमेरिकेंतील बंडखोरांना शस्त्रें पुरविणें, असे नाना उद्योग त्यानें केले. १७७३-७४ मध्यें एका न्यायाधीशाच्या लांचखोरीविरुद्ध त्यानें छापलेलीं पत्रकें साऱ्या पॅरिसनें मिटक्या मारीत वाचलीं. लोकांना आपल्या बाजूला कसें वळवावें हें ज्ञान त्याला रंगभूमीपूर्वीं न्यायालयांतच लाभलें होतें.

त्याचें 'सेव्हिलचा न्हावी' हें नाटक २३ फेब्रुवारी १७७५ रोजीं 'कोमेदी फ्रांसेझ' या राजमान्य नाटकमंडळीनें रंगभूमीवर आणलें, आणि तें सपशेल पडलें. नाटक पांच अंकी होतें, प्रेक्षक कंटाळले. बोमार्शेनें दोनतीन दिवसांत एक अंक काढून टाकला, आणि २६ तारखेस तेंच नाटक चार अंकांत असें रंगलें कीं निंदा करणारेच टाळ्या पिटूं लागले. कथानक सरळ आहे. अल्माव्हिवा हा तरुण सरदार रोझीनवर अनुरक्त आहे. तिचा पालक बार्तोलो हा म्हातारा स्वतःच तिच्याशीं लग्न करूं पाहतो. फिगारो नांवाचा हरहुन्नरी न्हावी युक्तिप्रयुक्तीनें सरदाराला घरांत शिरवतो आणि अखेर विवाह लावून देतो. येथें प्रेक्षकाला बाजू निवडण्याचें कष्टच पडत नाहींत. सरदार, रोझीन आणि न्हावी एका बाजूस, म्हातारा दुसऱ्या बाजूस. धनी आणि सेवक यांचें हित एकच.

या नाटकाचा उत्तरार्ध व्हावा ही मागणी एका प्रेक्षकानेंच केली, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेंत बोमार्शेनें आपल्या पडलेल्या नाटकाची स्वतःच थट्टा केली होती, आणि पुढें आणखी एक अंक लिहिला असता तर फिगारोच्या जन्माचें कोडें कसें सुटलें असतें याचीहि गमतीनें वाच्यता केली होती. राजकुलांतील प्रिन्स द कोंती यानें ही प्रस्तावना वाचून, ती नाटकाहून अधिक रंजक आहे, तिलाच रंगभूमीवर आणून दाखवा, असें चारचौघांत आव्हान दिलें. बोमार्शेनेंच पुढें ही हकीकत सांगितली आहे. कोंती १७७६ सालीं वारला. परंतु त्यानें मागितलेलें नाटक दोनतीन वर्षांत लिहून तयार झालें. त्याचें नांव 'वेड्यांचा दिवस अथवा फिगारोचा विवाह'.

या उत्तरार्धांत बोमार्शेनें पूर्वींची सर्व व्यवस्था उलथून टाकली. रोझीन आतां सरदारपत्नी झाली आहे, आणि तिचा पति तिला विटला आहे. ज्या अल्माव्हिवाच्या प्रेमासाठीं प्रेक्षकांनीं टाळ्या दिल्या, तोच आतां फिगारोच्या वाग्दत्त वधूच्या, सुझानच्या, मागें लागला आहे. आपल्या मुलखांतील प्रत्येक नववधूवर धन्याचा पहिला हक्क, हा जुना दुष्ट रिवाज त्यानें विवाहाच्या उत्साहांत सोडून दिला होता; तोच पैसे देऊन गुपचूप परत मिळविण्याचा त्याचा बेत आहे. सेवकानें धन्याला बायको मिळवून दिली. धनी सेवकाची बायको हिरावूं पाहतो. पूर्वार्ध पाहिलेल्या प्रेक्षकाला येथें आपली बाजू बदलावी लागते, आणि तीहि हंसत हंसत. पांचव्या अंकांत बागेंतील काळोखांत फिगारो एकटाच दीर्घ स्वगत बोलतो, आणि जन्मानें मिळालेल्या वैभवाला गुण म्हणावयाचें काय, याचा धन्याकडे हिशेब मागतो. शेवटीं सरदार फसतो, सुझान समजून स्वतःच्याच पत्नीचा अनुनय करतो, आणि सर्वांदेखत तिची क्षमा मागतो. ती क्षमा करते. नाटक सुखान्तच आहे; परंतु पहिल्या विवाहाचें सुख कसें ओसरलें हें पाहिल्यावर दुसऱ्या विवाहाच्या सुखावर कितपत विसंबावें, ही शंका प्रेक्षकाबरोबर घरीं जाते.

या नाटकाचा पहिला महत्त्वाचा टीकाकार म्हणजे स्वतः सोळावा लुई. राणीची सहचारिणी मादाम काँपाँ हिनें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, राजाराणींपुढें नाटक वाचून दाखविण्याचें काम तिच्याकडे आलें. स्वगताशीं येतांच राजा उठला आणि हें तिरस्करणीय आहे, याचा प्रयोग निरुपद्रवी ठरावयाचा तर आधीं बास्तीयचा तुरुंग पाडावा लागेल, अशा आशयाचें बोलला. राजा रसिक म्हणून प्रसिद्ध नव्हता. परंतु इतरांना केवळ विनोद दिसला तेथें त्याला धोका दिसला, हें कबूल केलें पाहिजे. १७८१ सालीं मंडळीनें स्वीकारलेलें नाटक मग एका परीक्षकाकडून दुसऱ्याकडे असें फिरत राहिलें. बोमार्शेहि स्वस्थ बसला नाहीं. त्यानें दिवाणखान्यांतून नाटकाचें वाचन सुरू केलें, आणि बंदी असलेलें नाटक ऐकावयास मिळणें ही थोरामोठ्यांत प्रतिष्ठेची खूण होऊन बसली.

जून १७८३ मध्यें दरबारी मंडळींसाठीं एक प्रयोग ठरला. प्रेक्षकांच्या गाड्या दाराशीं येऊं लागल्या, आणि ऐन वेळीं राजाची मनाई आली. काँपाँबाई सांगतात कीं, त्या दिवशीं 'जुलूम' आणि 'दडपशाही' हे शब्द निराश प्रेक्षकांच्या तोंडून निघाले. हे प्रेक्षक कोण? बहुतेक उमरावच. तीन महिन्यांनीं व्होद्रय या सरदारानें आपल्या जेनव्हिलिये येथील वाड्यांत खाजगी प्रयोग करविला. राजाचा धाकटा भाऊ आर्त्वा तेथें हजर होता. दिवाणखान्यांत इतकी गर्दी आणि उकाडा झाला कीं बोमार्शेनें हातांतील काठीनें खिडकीच्या कांचा फोडल्या, अशी आठवण चित्रकर्त्री व्हीजे लब्रँ हिनें नोंदविली आहे. 'कांचा फोडणें' याचा फ्रेंच भाषेंत बेधडक बोलून खळबळ उडविणें असाहि अर्थ होतो. तेव्हां यानें कांचा दोनदां फोडल्या, अशी कोटी लगेच झाली.

अखेर राजानें हार खाल्ली. २७ एप्रिल १७८४ रोजीं कोमेदी फ्रांसेझच्या नव्या नाट्यगृहांत पहिला जाहीर प्रयोग झाला. सकाळपासून लोक दाराशीं जमले. पहारेकरी बाजूस सारले गेले. जागा हुकूं नये म्हणून थोर घराण्यांतील स्त्रियांनीं नटींच्या खोल्यांत बसून जेवण उरकलें. पूर्वार्धांत फिगारो केलेला प्रेव्हिल आतां वृद्ध झाला होता; त्यानें ती भूमिका दाझँकूरला देऊन स्वतः तोतऱ्या न्यायाधीशाची लहानशी भूमिका पत्करली. सुझान झालेल्या काँता या नटीनें तर लोकांस वेड लावलें. पहिल्याच फेरींत नाटकाचे ६८ प्रयोग झाले, आणि हें त्या काळीं अपूर्व यश होतें.

पण यश म्हणजे एकमत नव्हे. नाटक फार लांबलें, फिगारोचें स्वगत तर असह्य, असें कांहींजण म्हणत. सरदारपत्नीला शेरुबँ या पोरसवद्या हुजऱ्याविषयीं वाटणारी कोमलता कित्येकांना अनीतीची वाटली. बोमार्शेला प्रस्तावनेंत या आक्षेपाचें सविस्तर खंडन करावें लागलें. एका प्रयोगांत वरच्या सज्जांतून प्रेक्षकांवर छापील चिठ्ठ्यांचा पाऊस पडला: यांतील एकेक पात्र म्हणजे एकेक दुर्गुण, आणि सर्वांचा संग्रह म्हणजे नाटककार, असा त्यांतील पद्याचा आशय होता. बोमार्शेनें पन्नासाव्या प्रयोगाचें उत्पन्न अर्भकांना अंगावर पाजणाऱ्या गरीब मातांसाठीं दिलें, तर त्यावरहि थट्टा झाली.

या सर्व मतांत मार्मिक मत बॅरोनेस ओबेरकिर्श हिचें आहे. ती स्वतः उमराव वर्गांतली. तिनें लिहिलें कीं, या नाटकाला टाळ्या देणाऱ्या सरदारांनीं स्वतःच्याच गालांत चपराक मारून घेतली. ते आपल्याच खर्चानें हंसले, आणि याचा त्यांना पुढें पश्चात्ताप होईल. मग ते हंसले कां? आमच्या मतें याचें उत्तर पूर्वार्धांत आहे. 'सेव्हिलचा न्हावी' पाहतांना फिगारोच्या बाजूनें हंसण्याची त्यांना संवय लागली होती; तेव्हां त्याच्या चातुर्याचा लाभ सरदारालाच होत होता. उत्तरार्धांत तेंच चातुर्य सरदारावर उलटलें, तरी जुनी संवय सुटली नाहीं.

राजा मात्र विसरला नव्हता. १७८५ च्या मार्चमध्यें वृत्तपत्रीय वादांत बोमार्शेनें, सिंहव्याघ्रांशीं झुंजून नाटक रंगभूमीवर आणल्यावर आतां मी किड्यांशीं काय लढूं, अशा अर्थाचे उद्गार काढले. सिंहव्याघ्र म्हणजे आपणच, असें राजानें मानलें. तो त्या वेळीं पत्ते खेळत होता, आणि इस्पिकच्या सत्तीवरच त्यानें अटकेचा हुकूम लिहिला, असें सांगतात. त्रेपन्न वर्षांच्या या गृहस्थाला उनाड पोरांना वळण लावण्याच्या सँ लाझार येथील कोठडींत कांहीं दिवस डांबण्यांत आलें. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्रियानाँ येथील राणीच्या खाजगी रंगमंचावर 'सेव्हिलचा न्हावी' झालें! राणी मारी आंत्वानेत रोझीन झाली होती, राजबंधु आर्त्वा फिगारो. बोमार्शेलाहि निमंत्रण होतें. शहर उत्तरार्धांत रमलें होतें. राजवाडा पूर्वार्धांतच थांबला होता. तेथें रोझीन अजून तरुण होती, सरदार अजून प्रियकर होता, आणि न्हावी अजून धन्याच्याच कामीं येत होता.

व्हिएन्नामध्यें याच उत्तरार्धाचें नशीब निराळें निघालें. सम्राट् दुसरा योझेफ यानें नाटकाचा प्रयोग थांबविला, छापील पुस्तक चालूं दिलें. मोत्सार्ट आणि दा पोन्ते यांनीं त्याचें संगीत नाटक केलें. फिगारोच्या स्वगतांतील राजकीय फिर्याद जाऊन तेथें स्त्रियांच्या कपटाविषयींचें पद आलें. तें १ मे १७८६ रोजीं रंगभूमीवर आलें. पैसिएल्लोचा संगीत 'न्हावी' व्हिएन्नानें आधींच पाहिला होता. म्हणजे तेथील श्रोत्यांनाहि हा उत्तरार्धच होता. वन्समोअर इतके पडूं लागले कीं एकाहून अधिक गायकांचीं पदें पुन्हां म्हणूं नयेत असा सम्राटाला हुकूम काढावा लागला. तरी त्या वर्षीं तेथें प्रयोग झाले अवघे नऊ. प्राग शहरानें मात्र तें डोक्यावर घेतलें. जानेवारी १७८७ मध्यें तेथें गेलेल्या मोत्सार्टला जिकडे तिकडे फिगारोचींच गाणीं ऐकूं आलीं.

या नाटकानेंच राज्यक्रांति घडविली, असें पुढें अनेकांनीं म्हटलें. नेपोलियनच्या नांवावरहि तसें एक वचन सांगतात. तें जसेंच्या तसें घेऊं नये. १७८४ चा प्रेक्षक प्रणयाची फजीती पाहावयास आला होता, तुरुंग फोडण्याच्या तयारीनें नव्हे. परंतु आपण कोणाला हंसतों आहों हें उघडपणें, शेंकडों लोकांच्या संगतींत अनुभवणें, ही लहान गोष्ट नव्हती. १४ जुलै १७८९ रोजीं बास्तीय पडली, आणि राजाचा शब्द भलत्याच प्रकारें खरा ठरला.

अल्माव्हिवा कुटुंबाचा तिसरा भाग, 'अपराधी माता', २६ जून १७९२ रोजीं रंगभूमीवर आला. त्यांत विनोद नव्हता. वीस वर्षांनंतरचा पश्चात्ताप आणि अश्रु होते. प्रेक्षकांनीं त्याचें थंडपणें स्वागत केलें. दीडच महिन्यांत राजसत्ता कोसळली. दुसऱ्या दिवशीं शस्त्रें दडविल्याच्या संशयानें जमावानें बोमार्शेच्या घराची झडती घेतली, आणि महिनाअखेर त्याला तुरुंग पाहावा लागला. तो सुटला आणि चारच दिवसांत पॅरिसच्या तुरुंगांतून कैद्यांची कत्तल सुरू झाली. १७९९ सालीं तो मरण पावला. फिगारोला टाळ्या देणाऱ्या शहराला त्याचा जनक आतां श्रीमंत आणि संशयास्पद दिसत होता. उत्तरार्धाच्या प्रेक्षकाला बाजू बदलावयास बोमार्शेनेंच शिकविलें होतें. ती विद्या केवळ अल्माव्हिवापुरती राहील, अशी हमी कोणीहि दिली नव्हती.