भयत्राता अवलोकितेश्वर : औरंगाबाद व कान्हेरी येथील दोन शिल्पपट

औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या ओसरींत दाराच्या डाव्या अंगास अवलोकितेश्वराची उभी मूर्ति आहे. तिला द्वारपाल समजून पुष्कळ प्रेक्षक तसेच आंत जातात. आम्हीही प्रथम तसेच गेलों. परत येतांना उन्हाची तिरीप भिंतीवर पडली होती व मूर्तीच्या दोहों बाजूंचीं लहान शिल्पें उठून दिसत होतीं, तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

मूर्तीच्या मुकुटांत अमिताभ बुद्धाची छोटी आकृति आहे. दोहों बाजूंस चार चार असे आठ प्रसंग कोरले आहेत. एकीकडे वणवा, तरवार उगारलेला शत्रु, बेड्या आणि बुडतें जहाज. दुसरीकडे सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि मातेपाशीं असलेलें मूल हिरावूं पाहणारी मृत्युरूपिणी. प्रत्येक प्रसंगांत गांजलेलीं माणसें धांवा करीत आहेत आणि बोधिसत्त्व अंतराळांतून त्यांच्याकडे येत आहे. बुद्धाच्या बाजूस चवरी घेऊन उभा राहणारा हा सेवक नव्हे. येथें तो स्वतःच उपास्य आहे.

या कल्पनेचें मूळ सद्धर्मपुंडरीकाच्या चोविसाव्या परिवर्तांत आहे. कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें केलेल्या चिनी भाषांतरांत तोच पंचविसावा अध्याय होतो. परंतु शिल्पी पोथी समोर ठेवून कोरीत होता असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रंथांत राक्षस, विषप्रयोग, गारांचा वर्षाव अशीं कितीतरी भयें सांगितलीं आहेत. हत्तीचें मात्र नाहीं. पोथींतलीं भयें गाळून त्यानें हत्ती कां घेतला? रानवाटेनें मालाचे तांडे नेणाऱ्यास याचें उत्तर सांगावें लागलें नसतें. मृत्यूचा प्रसंग सोडला तर ही सारी वाटसरूंचीच यादी आहे.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा, चेऊल येथील दात्यांचीं नांवें येतात व त्यांवरून हे पट त्याच व्यापाऱ्यांनीं करविले असें म्हणण्याचा मोह होतो. पण ते लेख बहुतांशीं सातवाहनकालीन, आणि हे पट सुमारें सहाव्या शतकांतले. मधल्या तीन-चार शतकांवर केवळ तर्कानें पूल बांधणें आम्हांस मान्य नाहीं.

त्यापेक्षां फाहियानाची साक्ष अधिक मोलाची. पांचव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिंहलद्वीपाहून स्वदेशीं परततांना त्याचें जहाज वादळांत सांपडून गळूं लागलें. उतारूंनीं माल समुद्रांत लोटला. त्यानेंही आपलें किडूकमिडूक टाकलें. मात्र पोथ्या व मूर्ति हे व्यापारी फेंकतील या धास्तीनें तो अवलोकितेश्वराचा धांवा करीत राहिला. औरंगाबादेस दगडांत दिसणारा प्रसंग पट कोरला जाण्यापूर्वीं शंभर-दीडशें वर्षें एका प्रवाशानें प्रत्यक्ष भोगला होता.

औरंगाबादेप्रमाणेंच अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यांतही हा पट ओसरींतच, दारापाशीं आहे. आंत न शिरतां वाटसरूनें हात जोडावे आणि पुढें चालूं लागावें, अशीच ही जागा आहे. मात्र याचा नियम करतां येत नाहीं. कान्हेरीस नव्वदाव्या लेण्यांत तो आंतल्या भिंतीवर आहे. तेथेंही बुडत्या जहाजांतून पद्मपाणीचा धांवा करणारीं माणसें आहेत आणि बोधिसत्त्वाच्या दोहों बाजूंस तारा व भृकुटी उभ्या आहेत. एकेचाळिसाव्या लेण्यांतली त्याची एकादशमुखी मूर्ति तर भारतांत अत्यंत दुर्मिळ. ती पाहण्यासाठीं वेगळी चढण चढावी, इतकी तिची योग्यता आहे.

नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींतले तीन लेखही आहेत. यज्दगर्दी सनावरून त्यांतील दोन इ. स. १००९ चे व एक १०२१ चा ठरतो. जरथुष्ट्री मंडळी येथें येऊन गेली, एवढें सांगून त्यांत तिथि व आलेल्यांचीं नांवें दिलीं आहेत. पट कोरल्यानंतर चारशें वर्षांनींही या डोंगरावर लांबचे लोक येत होते, हें त्यावरून निश्चित होतें. भिंतीवरील त्या जहाजासमोर ते क्षणभर थांबले होते काय, याविषयीं लेखांत एक अक्षरही नाहीं.