कुमारवयीनांसाठी इअरफोनची निवड

बोरगाव हे पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातील, नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे औद्योगिक गाव. अशा वाटेवर बसने शिकायला जाणाऱ्या मुलांच्या कानात इअरफोन असला, की गाडीच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवला जातो. म्हणून खरेदीची पहिली कसोटी तो कानात कसा बसतो ही होय. सिलिकॉनची टोपी न टोचता घट्ट बसली, तर बाहेरचा गोंगाट अडतो, खर्ज भरीव ऐकू येतो आणि कमी आवाजही पुरतो. सोबत मिळणाऱ्या सर्व मापांच्या टोप्या घालून पाहाव्यात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असे नाही. खोक्यावरील ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ या आकड्यांवरून दर्जा कळत नाही, ते जवळपास सगळीकडेच छापलेले असतात. बिनतारी जोडीवर बीआयएस नोंदणीचे चिन्ह मात्र अवश्य पाहावे. बेताच्या पैशांत तारेची जोडीच बहुधा सरस ठरते. तिच्यात बॅटरीचा खर्च नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी तेवढ्याच वेळेला ७५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. कानात शीळ वाजू लागल्यास वापर थांबवावा, आणि ती न थांबल्यास कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.