लिखाण आपलं, पत्ता कोणाचा? : ब्लॉगसाठी जागा निवडण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका निवृत्त शिक्षिकेने आम्हांला जिन्यातच गाठलं. त्यांना स्वतःचा ब्लॉग सुरू करायचा होता आणि प्रश्न सरळ होता : ब्लॉगर घेऊ, वर्डप्रेस घेऊ, की आणखी काही? नातू एक सांगतो, जावई दुसरंच. जिन्यात उभं राहून उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून आज. पण कोणतं चांगलं, इथून आम्ही सुरुवात करणार नाही. लोकांनी आजवर काय निवडलं आणि पुढे त्यांचं काय झालं, ते आधी पाहू. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला या भानगडी कशाला, असं काहींच्या मनात येईल. आपलं लिखाण ‘आपलं’ आहे म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मुळात आमच्याच खात्यातला आहे, मंडळी.

१९९४ साली जस्टिन हॉल नावाचा अमेरिकन कॉलेजविद्यार्थी स्वतःबद्दल वेबवर लिहू लागला, तेव्हा निवडायला काहीच नव्हतं. पान हाताने एचटीएमएलमध्ये लिहायचं आणि सर्व्हरवर ठेवायचं. ज्यांना हे जमत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच सुमारास जिओसिटीज आलं. त्याची कल्पना मोठी गमतीची होती. वेबवर वस्त्या पाडलेल्या होत्या आणि आपल्या आवडीची वस्ती निवडून तिथला घर क्रमांक घ्यायचा. संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, सिनेमावाल्यांची ‘हॉलीवूड’, आणि शिक्षण-साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांची ‘अथेन्स’. आम्ही अर्थातच अथेन्सचे रहिवासी झालो असतो!

रहिवाशांना घर मिळालं, पण सातबारा मिळाला नाही. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात नव्या अटी आल्या. त्या अटींनुसार लोकांच्या मजकुरावर कंपनीला फार मोठे हक्क मिळत होते. रहिवाशांनी गहजब केला, कंपनीने माघार घेतली. पुढे दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, वस्त्याच पाडल्या गेल्या. काही हौशी स्वयंसेवकांनी बंद होण्याआधी जेवढं उतरवून घेता येईल तेवढं घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते खुलं केलं, तेव्हा तो साठा सहाशे गिगाबाइटहून मोठा होता. जे वाचलं ते परक्यांनी वाचवलं, हे लक्षात ठेवा.

आता ब्लॉगर. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्स या छोट्याशा कंपनीने ते सुरू केलं. आज कोणाला ठाऊक नसतं, पण सुरुवातीला ब्लॉगर ही जागा नव्हती, ते हत्यार होतं. तुम्ही मजकूर लिहायचा, ब्लॉगर त्याची पानं तयार करून तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठवणार. लिहिण्याचं साधन एकाचं, घर दुसऱ्याचं. ब्लॉगस्पॉट ही फुकट जागा त्यानंतर आली आणि साहजिकच बहुतेक लोक तिकडे गेले. २००३ मध्ये गूगलने कंपनी घेतली. २०१० मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर पाठवण्याची सोय बंद करताना गूगलने सांगितलं, की चालू ब्लॉगांपैकी जेमतेम अर्धा टक्का ती वापरतात. म्हणजे दहा वर्षांत हत्यार आणि घर एक झालं, आणि ते कोणी सक्तीने केलं नाही. फुकट आणि सोपं, एवढ्यावरच झालं.

आमच्या मते या इतिहासातलं सगळ्यात शिकण्यासारखं वर्ष मात्र २००४ आहे. त्या काळी जरा गंभीरपणे लिहिणारे ‘मूव्हेबल टाइप’ वापरत. बेन आणि मेना ट्रॉट या नवरा-बायकोने २००१ मध्ये ते केलं होतं. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं, वैयक्तिक वापराला फुकट. मे २००४ मध्ये तिसरी आवृत्ती जाहीर झाली आणि फुकट वापरावर मर्यादा आली : लेखक एक, ब्लॉग तीन. त्यापुढे पैसे मोजा. कंपनीचं काही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. दुकान त्यांचं, भाव त्यांचा. पण घर स्वतःच्या जागेवर असूनही विटा भाड्याच्या होत्या, हे लोकांना त्या दिवशी कळलं. मार्क पिल्ग्रिम या नावाजलेल्या ब्लॉगलेखकाने हिशेब केला. त्याला परवान्याचे ५३५ डॉलर पडणार होते. त्याने तेवढीच रक्कम वर्डप्रेस करणाऱ्यांना देणगी दिली आणि आपला ब्लॉग तिकडे हलवला.

हे वर्डप्रेस तरी कुठून आलं? इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या तरुणाचं ‘बी-टू’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर होतं. २००२ च्या अखेरीस तो दिसेनासा झाला. महिने गेले, सुधारणा नाही, निरोप नाही. जानेवारी २००३ मध्ये मॅट मलेनवेग या एकोणीस वर्षांच्या मुलाने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की मी वापरतो ते सॉफ्टवेअर बेवारस झालंय, आता काय करावं? इंग्लंडमधल्या माइक लिटलने कळवलं, की तू पुढे नेणार असशील तर मी सोबत आहे. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. हे शक्य झालं ते बी-टूच्या परवान्यामुळे. त्याचं नाव जीपीएल. कोणीही मूळ घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं, फक्त पुढच्यालाही तोच हक्क ठेवावा. कर्ता गायब झाला तरी कर्म थांबलं नाही. मूव्हेबल टाइपचे कर्ते हजर होते, कष्टाळू होते, आणि तरी त्यांच्या एका निर्णयाने लोकांना घर बदलावं लागलं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ची. जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा, आजच्या भाषेत वैयक्तिक ब्लॉगच. सरकारी नोकरी सोडल्यावर त्यांनी शाळा आणि वृत्तपत्र यांच्या जोडीला आर्यभूषण छापखानाही उभा केला. छापखाना दुसऱ्याचा असला की काय होतं, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

आम्हांला ते समजलं जुलै २००६ मध्ये. ११ तारखेला मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्याच आठवड्यात दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना मोजकी पानं बंद करायला सांगितली. कंपन्यांना एकच खोली बंद करणं जमेना की त्यांनी तसदी घेतली नाही, कोण जाणे. त्यांनी अख्खी वाडीच बंद केली. ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज, सगळं. गंमत अशी, की ब्लॉगरचा लिहिण्याचा फलक उघडत होता. माणूस लिहू शकत होता, पण स्वतःचं लिहिलेलं वाचू शकत नव्हता. आणि त्याच दिवसांत मुंबईकर ब्लॉगस्पॉटवरच्या एका ब्लॉगवरून स्फोटग्रस्तांच्या नातेवाइकांना माहिती पुरवत होते! तोही बंद. काही महिन्यांपूर्वी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉटवर बंदी आली होती, तेव्हा तिथल्या लोकांनी एक आडवाट काढली होती. आपल्या लोकांनी तीच वापरली. आठवड्याभरात बंदी सैल झाली. पण जे ब्लॉगरमध्ये लिहून पानं स्वतःच्या सर्व्हरवर पाठवत होते, त्या अर्ध्या टक्क्यातल्यांना या गोंधळाची झळ लागली नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक घर सांभाळावं लागलं, ते लिपीचं. युनिकोड रुळण्याआधी आपण शुषा, शिवाजी अशा फाँटांत लिहीत होतो. तो फाँट वाचणाऱ्याकडे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. जागा बदलली तरी मजकूर हलवता येई, पण तो देवनागरी उरत नसे. जुनं मराठी वेबलिखाण हरवलं ते सगळं सर्व्हर बंद पडल्यामुळे नाही; काही आजही जागच्या जागी आहे, फक्त वाचता येत नाही.

आमचंही थोडं सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही एका फुकट सेवेवर टिपणं लिहीत होतो. सेवा बंद होणार असल्याची सूचना आली, पण ज्या ईमेलवर आली तो आम्ही उघडतच नव्हतो. चूक आमचीच. टिपणं वहीत होती, त्यामुळे वाचली. पण खाली आमचे एक मित्र प्रतिक्रिया लिहीत. आमच्या प्रत्येक विधानाला त्यांचा आक्षेप, दोन दोन परिच्छेदांचा, बहुधा बरोबर. ते तोवर वारले होते. त्यांचे आक्षेप वहीत नव्हते.

मग वर्डप्रेस स्वतःच्या जागेवर बसवलं की सुटलो का? तसंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात भांडण पेटलं आणि त्या कंपनीला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारातून अद्ययावत आवृत्त्या घेता येईनात. डिसेंबरात न्यायालयाने ते पूर्ववत करायला लावलं. घर स्वतःचं होतं, विहीर शेजाऱ्याच्या अंगणात होती.

तर बाई, तुमचं उत्तर. ब्लॉगर घ्या, चालेल. पण पहिल्या दिवशीच स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये जातील. ब्लॉगरवर ते जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत, वर्डप्रेस डॉट कॉमवर पडतात. उद्या जागा बदलली तरी वाचक त्याच पत्त्यावर येतील. दुसरं, पहिले दोन लेख झाले की एक्स्पोर्टचं बटण दाबून फाइल उतरवा आणि उघडून पाहा. तिच्यात मजकूर असेल, प्रतिक्रियाही असतील, पण चित्रांचे बहुतेक नुसते दुवेच सापडतील. चित्रं वेगळी जपा. आणि ईमेल असा द्या की जो तुम्ही रोज उघडता.

आता प्रश्न घेऊ. थीम कोणती आणि रंग कोणता, हे मात्र आम्हांला विचारू नका. त्यासाठी नातू आहेच.