एका घरात दोन संगणक

नवा संगणक घरी आला की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित मोफत सुरक्षा-आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हा तो असंख्य घरांत एकाच वेळी उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. या अटीत न बसल्यामुळे धडधाकट यंत्रेही बाजूला पडली. असे यंत्र भंगारात दिल्यास हाती फारसे काही येत नाही आणि माळ्यावर टाकल्यास धूळ खाते. दोन्ही संगणक शेजारी मांडून एकत्र वापरणे हा तिसरा मार्ग आहे.

मात्र दोन यंत्रे म्हणजे दुप्पट वेग नव्हे. एकाची मेमरी दुसऱ्याला सहजासहजी उसनी देता येत नाही. खरा लाभ होतो तो कामाच्या वाटणीतून. नव्याने रोजचे काम करावे आणि जुन्याने त्या कामाची राखण करावी, ही वाटणी घरासाठी सर्वांत उपयुक्त ठरते.

जागा आणि हवा

ज्या पेटीला घरोघरी ‘सीपीयू’ म्हटले जाते ती पुढून थंड हवा आत घेते व मागून गरम हवा बाहेर टाकते. संगणक जेवढी वीज घेतो, तिचे अखेर उष्णतेतच रूपांतर होते. म्हणून टेबलाच्या बंद कप्प्यात दोन पेट्या कोंबणे योग्य नाही. दोन्हींची तोंडे एकाच दिशेला असावीत, मध्ये चार बोटे व मागे वीतभर जागा सोडावी. एकीची गरम हवा दुसरीच्या तोंडावर येता कामा नये. पेट्या थेट फरशीवर न ठेवता लहान चौरंगावर किंवा चाकांच्या स्टँडवर ठेवाव्यात. केरसुणीची धूळ आणि फरशी पुसतानाचे पाणी दोन्ही टळते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून त्या दूर असाव्यात आणि क्वचित वापरले जाणारे यंत्रही आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे.

विजेचे गणित

साध्या घरगुती संगणकाला मॉनिटरसह साधारणतः १०० वॅटच्या आसपास वीज लागते. खेळांसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड बसवलेले यंत्र याच्या कितीतरी पट घेऊ शकते. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा सॉकेट सुमारे १,३८० वॅटचा भार पेलतो. त्यामुळे दोन साध्या संगणकांचा भार ही अडचण नसते. अडचण असते ती सैल खाचांच्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची आणि त्याच बोर्डाला जोडलेल्या इस्त्रीची. अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो. दोन यंत्रे जोडल्यास वीज गेल्यावर मिळणारा अवधी निम्म्याहूनही कमी होतो. काम जतन करून यंत्रे बंद करण्यापुरताच तो असतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही जोडू नये.

जुने यंत्र अहोरात्र चालू ठेवण्याचेही कारण नाही. ६० वॅट घेणारी पेटी चोवीस तास चालली तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. रोज दोन तास चालली तर चार युनिटही लागत नाहीत.

एकच मॉनिटर, एकच कळफलक

लहान सदनिकेत दोन मॉनिटर मांडणे अवघड असते. अशा वेळी केव्हीएम स्विच कामी येतो. हे छोटे उपकरण कळफलक, मॉनिटर आणि माऊस यांचा एकच संच दोन संगणकांना जोडते; बटण दाबले की ताबा दुसऱ्या यंत्राकडे जातो. खरेदीपूर्वी दोन्ही संगणकांची मॉनिटरची खाच एचडीएमआय आहे, डिस्प्लेपोर्ट आहे की जुनी व्हीजीए, हे पाहावे.

दोन मॉनिटर असतील तर स्विचचीही गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइज संचातील ‘माऊस विदाऊट बॉर्डर्स’ ही सोय एकच माऊस विंडोजच्या चार संगणकांपर्यंत फिरवते. एक यंत्र लिनक्सवर असेल तर ‘डेस्कफ्लो’ हा मुक्त प्रोग्राम तेच काम करतो.

आपसांतील जोडणी

दोन्ही संगणक वायफायऐवजी लॅन केबलने राऊटरला जोडणे केव्हाही चांगले. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग देते. या वेगाने २०० जीबी छायाचित्रे अर्ध्या तासाच्या आसपास पलीकडे जातात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्याच कामाला सुमारे पाच तास लागतात. गिगाबिटला केबलमधील आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तर जोडणी बहुधा बंद न पडता मुकाट्याने मंदावते. वेग अचानक दहापट घटला तर प्रथम केबल बदलून पाहावी.

विंडोजमधील ‘होमग्रुप’ची जुनी सोय २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. फोल्डर शेअर करण्याची मूळ पद्धत मात्र कायम आहे. प्रत्येक शेअरला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा.

जुन्याची नवी जबाबदारी

सुरक्षा-दुरुस्ती थांबलेली प्रणाली महाजालाशी जोडून ठेवणे धोक्याचे असते. अशा यंत्रावर लिनक्स मिंट घालता येते. तिला ४ जीबी मेमरी पुरेशी असते आणि २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे. संपूर्ण डिस्कवर ती घालताना आधीचे सारे पुसले जाते, म्हणून जुने फोटो व कागदपत्रे प्रथम दुसरीकडे उतरवावीत.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दोन संगणकांत एकच फोल्डर सतत जुळते ठेवले म्हणजे बॅकअप झाला, असा समज असतो. तो चुकीचा आहे. एकीकडे चुकून पुसलेली फाईल अशा व्यवस्थेत दुसरीकडूनही पुसली जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशे देशांत थैमान घातले, ते नेमक्या याच नेटवर्क-जोडणीतून. फाईल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीमुळे तो एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात शिरत होता. त्या त्रुटीवरील दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध झाली होती.

म्हणून नक्कल कोण कोणाकडून घेतो, याला महत्त्व आहे. नव्या संगणकाने जुन्यावर फाईल टाकू नये. जुन्याने त्या नव्याकडून ओढून घ्याव्यात. त्याला नव्यावर केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा आणि नव्याला जुन्यावर लिहिण्याचा अधिकारच देऊ नये. मग नव्यावर संकट आले तरी ते जुन्यावरील ठेव्याला सहजी हात लावू शकत नाही. प्रत्येक नक्कल तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे बिघडलेली फाईल चांगल्या फाईलवर चढत नाही.

तरीही दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच मीटरवर असतात. आग, पाणी किंवा चोरी दोन्हींना एकदमच गाठू शकते. यासाठी तिसरी नक्कल बाह्य हार्ड डिस्कवर घेऊन ती नातेवाइकांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. महिन्यातून एकदा जुन्या संगणकावरील एखादी फाईल प्रत्यक्ष उघडूनही पाहावी, कारण न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच असते.