दारावरचा डोळा

रात्री अकराच्या सुमारास दारावर थाप पडली, की घरातले माणूस प्रथम काय विचारते? "कोण आहे?" एवढेच. आणि बाहेरून उत्तर येते, "मी!" या "मी"वर कितपत विश्वास ठेवायचा, हा प्रश्न फार जुना आहे. वाड्याच्या देवडीवर माणूस बसलेला असे. तो आलेल्याचा चेहरा पाही आणि आत वर्दी देई. चाळीत तर वेगळा पहारा लागतच नसे. गॅलरीत बसून भाजी निवडणाऱ्या चारपाच बायकांच्या नजरेतून सुटून कोणी जिना चढेल, ही गोष्टच अशक्य. पुढे बंद दाराची बिऱ्हाडे आली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. मग दाराला साखळी आली, भोक पाडून बसवलेली बारीक काच आली, आणि आता आला आहे कॅमेरा.

श्रोतेहो, सर्वसाधारण समज असा आहे, की हा कॅमेरा आधी पोलिसांनी आणि बँकांनी वापरला आणि तेथून उतरत उतरत तो आपल्या घरापर्यंत आला. हे अर्धेच खरे आहे. घराच्या दारासाठी म्हणून जी रचना प्रथम बारकाईने कागदावर मांडली गेली, ती एका परिचारिकेने मांडली.

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. तेथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. तिचे यजमान अल्बर्ट ब्राउन हे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा आडनिड्या. यजमान रात्री कामावर असले, की मेरी घरात एकटी. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि हाक मारली तर पोलीस वेळेवर येतील याची खात्री नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पोलिसांना बोलावण्यासाठी सबंध शहरात एकच सोपा क्रमांक असावा, ही सोय न्यूयॉर्कला १९६८ मध्ये झाली. त्याआधी घाबरलेल्या माणसाने एकतर चौकीचा नंबर आठवायचा, नाहीतर टेलिफोन ऑपरेटरला विनवायचे.

अशा परिस्थितीत या नवराबायकोने १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्यातली रचना वाचताना मला सारखे वाटत राहिले, की ही रचना करणारे माणूस त्या दाराआड खरोखर उभे राहिलेले आहे. दाराला भोके चार, एकाखाली एक. वरचे उंच माणसासाठी, खालचे लहान मुलासाठी. दाराच्या आतल्या बाजूस एका पेटीत कॅमेरा. तो मोटारीच्या साहाय्याने वरखाली सरकतो आणि पाहिजे त्या भोकाशी थांबतो. चित्र जाते ते थेट निजायच्या खोलीतल्या पडद्यावर. म्हणजे दाराजवळ जायचेही काम नाही! पलंगावरून बाहेरच्या माणसाशी बोलता येते. ओळखीचा असला तर बटण दाबून खिट्टी काढायची, आणि संशय आला तर दुसरे बटण दाबून इशारा द्यायचा, की मदतीला धावा.

एकंदर रचनेचा भर कशावर आहे, तर आत्ता या क्षणी दारात कोण उभे आहे आणि त्याला आत घ्यायचे की नाही, यावर. त्या काळच्या किमतीत असले यंत्र घरोघर बसणे शक्यच नव्हते, आणि ते बसलेही नाही. परंतु पुढे अनेकांनी आपल्या पेटंटांत ब्राउन दांपत्याच्या पेटंटाचा हवाला दिला. आज दारावरच्या घंटीतच कॅमेरा असतो आणि माणूस कचेरीत बसून कुरिअरवाल्याशी बोलतो. ती कल्पना मुळात या घरातली.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू या. दुरून पाहणे आणि पाहिलेले साठवून ठेवणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. दोन्ही वेगवेगळ्या घरांत जन्मल्या आणि पुष्कळ उशिरा एकत्र नांदू लागल्या. पाहण्याची विद्या आधीची. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांची चाचणी चाले. उड्डाणाच्या वेळी जवळ उभे राहणे म्हणजे जिवावर उदार होणे. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तेथे तारेने जोडलेले कॅमेरे बसवले आणि शास्त्रज्ञ सुरक्षित अंतरावरून पडद्यावर उड्डाण पाहू लागले. ते चित्र प्रक्षेपित होत नव्हते. तारेच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला पडदा, संपला कारभार. आपण ज्याला सीसीटीव्ही म्हणतो, त्यातल्या 'बंद मंडला'चा अर्थ एवढाच.

या ब्रुखसाहेबांचा आपल्या घराशी आणखी एक संबंध आहे. पुढे त्यांनीच टेलिफुन्केन कंपनीत 'पाल' नावाची रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत शोधून काढली. १९८२ मध्ये आपल्याकडे रंगीत चित्रे दिसू लागली ती याच पद्धतीची. तारेच्या जुन्या धाटणीचा रेकॉर्डर घरी असेल तर त्याची यादी उघडून पाहा. 'पाल' की 'एनटीएससी' असा प्रश्न अजून तेथे असतो. कॅमेरा एका पद्धतीवर आणि रेकॉर्डर दुसऱ्या पद्धतीवर लागला, की चित्र गडगडा लोळते, नाहीतर रंग उडून काळेपांढरे होते. माणसे कॅमेरा बदलायला धावतात. बदलायची असते ती यादीतली एक ओळ!

साठवण्याची विद्या याहून अवघड ठरली. आवाज फितीवर मुद्रित होऊ लागला होता, पण चित्रातली माहिती आवाजाच्या कितीतरी पट. इंग्लंडात बीबीसीच्या लोकांनी 'व्हेरा' नावाचे यंत्र केले. त्यात फीत सेकंदाला २०० इंच वेगाने पळे. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत तरुण रे डॉल्बीही होते) निराळी युक्ती केली. फीत हळू जाऊ द्यायची आणि लिहिणारी चार टोके असलेले चाक तिच्यावर आडवे फिरवायचे, मिनिटाला १४,४०० फेऱ्या! १९५६ मध्ये हे यंत्र जगापुढे आले. फीत २ इंच रुंद, किंमत सुमारे ५०,००० डॉलर. अशा यंत्राला घराच्या दारावरची पाळत कोण सांगणार? ते विकत घेतले दूरचित्रवाणी केंद्रांनी.

म्हणून पहिली कित्येक वर्षे पहाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे माणूस बसलेला असे. तो पाहत होता तोवर पहारा; त्याला डुलकी लागली, की पहारा संपला. कॅमेऱ्याच्या आतली नळीही नाजूक. वर्षानुवर्षे एकाच दाराकडे रोखून ठेवली, तर त्या दाराची आकृती तिच्यात कायमची भाजली जाई आणि पुढे दुसरीकडे वळवली तरी त्या दाराचे भूत पडद्यावर दिसे.

१९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणले आणि व्हिडिओ स्वस्त झाला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहण्याची साथ आली होती, ती याच यंत्राची. दुकानांनी आणि बँकांनी मात्र त्याचा वेगळा उपयोग केला. दोनतीन तासांची फीत चोवीस तास पुरवायची, चित्रे मधली गाळून. काही यंत्रे तर एकच फीत ९६० तास ताणीत. या ताणण्याची किंमत उघड आहे: दोन चित्रांमध्ये एवढे अंतर पडे, की चोर आला आणि गेला, फितीवर फक्त त्याची पाठ! शिवाय तीच फीत पुन्हा पुन्हा वापरून ती इतकी झिजे, की चेहऱ्याच्या जागी करडा डाग राहावा.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. कॅमेऱ्यातली नळी गेली आणि नखाएवढी चकती आली. पुढे फितीच्या जागी संगणकाची तबकडी आली, आणि पाहणे व साठवणे ही दोन्ही कामे एका डब्यात मावली. तेव्हापासून घराच्या कॅमेऱ्याचा रोखच बदलला. मेरीबाईंना दार उघडण्यापूर्वी पाहायचे होते. आपण पाहतो ते बहुधा घडून गेल्यावर.

आणि घडून गेल्यावर पाहायचे, तर नोंद जागेवर असली पाहिजे ना! हिशेब साधा आहे. चार कॅमेरे, प्रत्येकाचे सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला १ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज सुमारे ८६ गिगाबाइट. १ टेराबाइटची तबकडी जेमतेम साडेअकरा दिवस पुरते. मग सर्वांत जुने चित्र पुसून त्यावर नवे बसते. माणूस गणपतीला कोकणात जातो, पंधरा दिवसांनी येतो, कुलूप तुटलेले पाहतो, रेकॉर्डर उघडतो, आणि पहिले चार दिवस नाहीतच!

आणखी एक नेहमीची तक्रार ऐका. "दिवसा चित्र छान येते, अंधार पडला की कॅमेरा चालू-बंद होतो." कॅमेरा बिघडलेला नसतो. अंधारात त्याचे अवरक्त दिवे लागतात, वीज जास्त लागते. वायर लांब आणि बारीक असेल तर १२ व्होल्टचे टोकाशी पुष्कळ कमी होतात आणि कॅमेरा गुदमरतो. वायर जाड घ्यावी, नाहीतर अडॅप्टर जवळ आणावा. रात्री सगळे चित्र पांढरेफटक दिसू लागले, तर आधी काचेसमोरचे कोळ्याचे जाळे झाडावे. दिव्यापाशी किडे येतात आणि किड्यांमागून कोळी येतो; वायरमनला बोलावण्याआधी केरसुणी.

२०१६ मध्ये एक वेगळाच प्रकार झाला. 'मिराई' नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवर मोकाट सुटला. त्याच्यापाशी कारखान्यातून येणाऱ्या साठएक सांकेतिक शब्दांची यादी होती. घरोघरीच्या कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरांना तो ते शब्द एकेक करून लावून पाही. मालकांनी ते बदललेले नसतच. अशी पहाऱ्याचीच यंत्रे फितवून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. मालकांना पत्ताही नव्हता, की आपला कॅमेरा चोरांना सामील आहे.

नोंदीचे मोल शेवटी न्यायालयात ठरते, आणि याविषयीचा एक गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या प्रकरणातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतली चित्रमुद्रणे त्यासाठी पुढे आली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा मुद्रणाची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर तिच्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्यातही ही अट आहे. परंतु आमच्या सोसायटीत जे घडले ते न्यायालयापर्यंत गेलेच नाही. गेले असते तर कदाचित बरे झाले असते.

एका डिसेंबरात आमच्याकडच्या एका बिऱ्हाडातून दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान दोन बांगड्या गेल्या. घरची मंडळी लग्नाच्या जेवणाला गेली होती. जिन्यावरचा कॅमेरा पाहिला, तर एक वाजून दहा मिनिटांनी त्यांच्याकडची भांडीवाली बाई पिशवी घेऊन जिना उतरताना दिसली. झाले! बाई रडून सांगत होती, की "ताई, मी दुपारी येतच नाही." कोण ऐकतो? पडद्यावर आकडे लिहिलेले होते ना!

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने तेच चित्र पुन्हा लावले आणि विचारले, "काका, दुपारी एक वाजता हे काळेपांढरे का?" खरेच, तो कॅमेरा अंधार पडल्याशिवाय काळेपांढरे चित्र देत नसे. मग उलगडा झाला. महिनाभरापूर्वी वीज जाऊन रेकॉर्डर बिघडला होता, दुरुस्ती करणाऱ्याने तो मूळ स्थितीला आणला, आणि घड्याळ लागले ग्रिनिचचे. साडेपाच तास मागे! पडद्यावरचे एक दहा म्हणजे संध्याकाळचे सहा चाळीस; बाईंची रोजची घरी जायची वेळ. खरी दुपार पडद्यावरच्या साडेसहा ते साडेआठमध्ये होती. ती पाहिली, जिन्यावर अनोळखी कोणी दिसले नाही. बांगड्यांचे काय झाले ते आजवर कळलेले नाही.

घड्याळ नीट करायला अर्धा मिनिट लागला. त्या घरच्या वहिनी बाईंकडे जाऊन आल्या, क्षमा मागून आल्या. बाईंनी त्यांना चहा दिला, मुलीचे गुणपत्रक दाखवले. कामावर मात्र त्या परत आल्या नाहीत.