छत्तीसगडातील भोसले

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तो मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. हे घराणे मूळचे पुणे प्रांतातील हिंगणीचे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांचे कूळ सिसोदियांशी जोडले गेले. हिंगणीकरांचे सातारकरांशी नाते नेमके कसे, यावर मात्र एकमत नाही. राज्य आधी, वंशावळ मागून, असा हा क्रम. छत्तीसगडाला या वंशकथेशी कर्तव्य नव्हते. १७४१ मध्ये बंगालच्या वाटेवर भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूरच्या हैहयांना नमविले. १७५८ पासून बिंबाजी भोसले मात्र रतनपुरातच राहिले. त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले. १७८७ मध्ये ते निवर्तले. पुढचे धनी नागपुरात राहिले आणि छत्तीसगडाच्या वाट्याला सुभेदार आले.